युरोपियन युनियन तुम्हाला बाहेरून कसं दिसतं?

तासगावच्या_बाई

नमस्कार. तासगाव भागातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवते. प्रादेशिक संघटनांमध्ये युरोपियन युनियन आलं की दरवर्षी तेच सांगते: ९ मे १९५० चं फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शूमन यांचं निवेदन, कोळसा आणि पोलादासाठी सहा देशांनी केलेला करार, मग युनियन स्थापन करणारा मास्ट्रिख्टचा करार, मग युरो, आणि ब्रिटन बाहेर पडल्यावर उरलेले २७ सदस्य. झेंड्यावरचे बारा तारे म्हणजे बारा देश नव्हेत हेही सांगते, कारण ते परीक्षेत हमखास चुकतं.

यंदा शिकवायला सुरुवात करण्याआधी मुलांना कोरे कागद दिले आणि विचारलं, हे नाव ऐकल्यावर डोळ्यांपुढं काय येतं? बऱ्याच जणांनी फुटबॉल लिहिला. काहींनी स्वित्झर्लंडचा बर्फ लिहिला, आणि तो देश तर युनियनमध्ये नाहीच. पण आमच्याकडची बरीच मुलं द्राक्षबागायतदारांची आहेत. त्यांच्यातल्या एका मुलीनं लिहिलं, "सॅम्पल पास झालं तर माल तिकडं जातो, नाही झालं तर बेदाण्याला जातो." बस, एवढंच.

त्या वाक्यापाशी मी थांबले आहे. मी शिकवते ती संस्था आणि या मुलीच्या घरी माहीत असलेली संस्था एकच आहे का? व्यापार, नोकरी, शिक्षण, कशाच्याही निमित्तानं ज्यांचा युनियनशी प्रत्यक्ष संबंध आला आहे त्यांनी कृपया लिहा. पुस्तकातलं माझ्याकडं आहे. बाहेरच्या माणसाला ही संस्था कशी दिसते ते मला हवं आहे. आदर वाटतो, भीती वाटते, की दोन्ही नाही?

---

दिंडोरीचा_मळा

बाई, त्या मुलीला शंभरपैकी शंभर द्या. नाशिक जिल्ह्यात बसून मला जे दिसतं तेच तिनं लिहिलंय. फक्त त्यामागं काय काय आहे ते सांगतो, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

वडिलांनी एक्स्पोर्टला माल द्यायला सुरुवात केली तेव्हा आमच्यासाठी युनियन नव्हतंच. हॉलंड होतं, जर्मनी होतं, इंग्लंड होतं. औषधांच्या अंशाच्या, म्हणजे रेसिड्यूच्या, मर्यादा बऱ्याच बाबतींत प्रत्येक देशाच्या वेगळ्या. एक्स्पोर्टर विचारायचा, माल कुठं जाणार, आणि त्यावर कोणती फवारणी चालेल ते ठरायचं. सप्टेंबर २००८ पासून सगळ्या सदस्य देशांना एकच तक्ता लागू झाला. कोणत्या पिकात कोणत्या औषधाचा जास्तीत जास्त किती अंश चालेल, त्याला आम्ही एमआरएल म्हणतो. ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. मुलांना हे असं सांगा: शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. समुद्रानं जाणाऱ्या अख्ख्या कंटेनरमध्येसुद्धा शंभर टन माल बसत नाही.

म्हणून माझ्यासारख्याला युनियन पहिल्यांदा दिसलं ते २००८ मध्ये, आणि ते तक्ता म्हणून दिसलं. त्यांची संसद, त्यांचा आयोग, २०१२ चं शांततेचं नोबेल, हे सगळं आम्ही पेपरात वाचलं असेल नसेल. तक्ता मात्र पाठ झाला.

आणि मग २०१० आलं. आमच्या भागात ते वर्ष अजून कोणी विसरलेलं नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, त्यानंतर शेंड्याची वाढ रोखायला आणि काडीत घड धरायला सीसीसी वापरायची पद्धत होती. पूर्ण नाव क्लोरमेक्वॅट क्लोराईड. उन्हाळ्यात पानावर मारलेलं औषध पुढच्या फेब्रुवारीत मण्यात सापडेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. ते वेलीतच राहतं आणि फळात उतरतं. युनियनची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडं माल पाठवण्याआधी प्रयोगशाळेत जी औषधं तपासायची त्यांच्या यादीत सीसीसी नव्हतंच, त्यामुळे इथं सगळ्यांचे रिपोर्ट स्वच्छ आले. तिकडं तपासलं आणि सापडलं. कंटेनर बंदरात अडकले, भाव कोसळले, काही माल नष्ट करावा लागला. लोकांची सोसायटीची कर्जं थकली. आमच्या शेजारच्या मळ्यात त्या वर्षी ठरलेलं लग्न पुढं ढकललं.

तेव्हा गावात सगळ्यांच्या तोंडी एकच होतं: युरोपनं फसवलं, त्यांना माल नको होता म्हणून कारण काढलं. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. मर्यादा आधीपासून छापील होती, कोणालाही वाचता येईल अशी. ती आमच्या बांधापर्यंत पोचवायची व्यवस्था आपल्याकडं अपुरी होती. पण ज्याचं वर्षाचं पीक गेलं त्याला हे सांगून उपयोग नसतो. त्याच्या मनात युनियनची जी प्रतिमा बसली ती बसली: न सांगता मारणारा लांबचा कोणीतरी.

त्यानंतर काय बदललं ते जास्त महत्त्वाचं. पाया आधीचाच होता. २००३ मध्ये हॉलंडला आपल्या द्राक्षांत मिथोमिल आणि ॲसिफेट सापडलं, त्या धक्क्यातून अपेडाची, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, रेसिड्यू तपासणीची योजना उभी राहिली आणि पुढं ग्रेपनेट, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांची ऑनलाइन नोंद, आलं. दर हंगामाआधी कृषी खात्याकडं प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही, कोणती औषधं चालतील आणि शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं त्याची 'अनेक्श्चर ५' ची यादी, प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन सॅम्पल नेणार, आणि सगळ्यांच्या वर पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र. पेटीवरच्या नंबरावरून रॉटरडॅमला बसलेला माणूस माझ्या प्लॉटपर्यंत पोचू शकतो. २०१० नंतर सीसीसी तपासणीत आलं आणि आमच्या बागेतून ते कायमचं गेलं.

मी हे कौतुकानं सांगतोय, कारण या शिस्तीचा पहिला फायदा माझ्या घरच्यांना झाला. पूर्वी शेड्यूलप्रमाणे डोळे मिटून फवारण्या व्हायच्या. आता प्रत्येक फवारणीला कारण द्यावं लागतं. ट्रॅक्टरवर बसणारा माझा भाऊ असतो, घड विरळणीला येणाऱ्या बाया रोज त्याच पानांत हात घालतात. त्यांच्या अंगावर कमी विष जातं, ही माझ्या दृष्टीनं डॉलर-युरोपेक्षा मोठी गोष्ट आहे. आणि एक दुखणं आहे ते लिहितोच. देशी बाजारात जाणाऱ्या मालाला असलं सॅम्पल लागत नाही. रॉटरडॅमच्या लेकराला तपासलेलं द्राक्ष आणि मालेगावच्या लेकराला न तपासलेलं, हे मला बोचतं. आपल्याच देशानं आपल्या माणसासाठी हे का मागू नये?

आता बाई, तुमच्या मूळ प्रश्नाकडं येतो, कारण इथं बहुतेकांची गल्लत होते. आमच्याकडं "युरोपचे नियम" म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं युनियनचं नसतंच. तिकडच्या काही मोठ्या सुपरमार्केटवाल्यांची अट असते की रेसिड्यू कायदेशीर मर्यादेच्या एक तृतीयांशाच्या आत हवं, आणि सगळ्या औषधांचे मिळून चार-पाचच अंश सापडले पाहिजेत. हा कायदा नाही, त्या दुकानदाराचा आग्रह आहे. ग्लोबलगॅपचं सर्टिफिकेट मागतात, तेही खाजगी आहे. ते विक्रेत्यांनी सुरू केलं, त्याचं कार्यालय जर्मनीत कोलोनला. मण्याचा आकार, रंग, पनेटचं, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्याचं, वजन, काडी हिरवी हवी, यातही बरंचसं गिऱ्हाईकाचं असतं. पण माल नाकारला की शेतकरी म्हणतो युरोपनं नाकारला. दुकानदार, देश आणि युनियन हे तिघं आम्हाला एकाच चेहऱ्याचे दिसतात. ब्रिटन २०२० मध्ये बाहेर पडलं तरी लंडनला जाणारा माल आमच्या पॅकहाऊसमध्ये अजून युरोपच्याच रांगेत लागतो, कारण तिकडच्या मर्यादा बऱ्याचशा जुन्याच तक्त्यातून आल्यात.

आदर की भीती, विचारलंत. मला विश्वास वाटतो. आपुलकी वाटत नाही. नियम माझ्यासाठी एक आणि स्पेनच्या बागायतदारासाठी दुसरा, असं या तक्त्यात नाही. तो तक्ता मी मोबाईलवर उघडून वाचू शकतो. मला माल विकताना ज्या ज्या लोकांशी व्यवहार करावा लागतो, त्यातल्या फार थोड्यांबद्दल हे म्हणता येईल.

---

हेगची_लेक

मी मूळची साताऱ्याची, आता हेगला राहते, रॉटरडॅम बंदराशी संबंधित एका कंपनीत कागदपत्रांचं काम बघते. मळेवाले दादांनी लिहिलेलं वाचून बरं वाटलं. त्यात एक भर घालते.

बंदरावर युनियनचा माणूस नसतो. तिथं असतात ते डच अधिकारी: डच कस्टम्स, डच अन्नसुरक्षा खातं. कायदा ब्रुसेल्सला, युनियनच्या मुख्यालयात, ठरलेला, तपासणारा हात देशाचा. पण एका देशाला काही सापडलं की ते रासफ नावाच्या इशारा यंत्रणेत जातं आणि सगळ्या सदस्य देशांना लगेच कळतं. म्हणून बाहेरच्याला वाटतं की २७ दारांमागं एकच पहारेकरी बसला आहे. पहारेकरी बरेच आहेत, एकमेकांशी बोलतात एवढंच.

आपल्या भेंडीला, शेवग्याच्या शेंगांना आणि कढीपत्त्याला जास्त तपासणीच्या यादीत टाकलेलं आहे. इथं कढीपत्ता मिळाला तर मैत्रिणी एकमेकींना फोन करून सांगतात. आईला हे सांगितलं तर तिला खरं वाटत नाही.

दुसरं, व्हिसा. आपल्या पासपोर्टवाल्याला युनियन दिसतं ते बहुधा शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर युरोपातल्या बऱ्याच देशांत फिरू देणाऱ्या व्यवस्थेच्या, स्टिकरमधून, आणि तिथं चित्र फारच फसवं आहे. शेंगेन आणि युनियन एक नाही. नॉर्वे आणि स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहेत, युनियनमध्ये नाहीत. आयर्लंड युनियनमध्ये आहे, शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे माझ्या आईवडिलांना इथं येऊनही डब्लिनच्या भाचीकडं जाता आलं नाही. नियम सगळीकडं सारखा, १८० दिवसांत ९० दिवस, पण अर्ज मंजूर करायचा की नाही ते प्रत्येक देशाचा वकिलातीतला अधिकारी ठरवतो. आमच्या ओळखीत एकाच कुटुंबातल्या दोन भावांनी जवळजवळ सारखे कागद दोन वेगळ्या देशांकडं दिले, एकाला मिळाला, एकाला नाही. धाकट्याला आता युरोप म्हणजे अपमान वाटतो. त्याच्याशी मी वाद घालत नाही, त्याला लागलंय.

आणि इथल्या लोकांना ते कसं दिसतं हे बघितलं की गंमत नाही, पण नवल वाटतं. माझ्या डच शेजाऱ्याला ब्रुसेल्स म्हणजे नत्राच्या मर्यादेवरून शेतकऱ्यांना छळणारं ठिकाण वाटतं. दिंडोरीचा शेतकरी आणि इथला गाईंचा शेतकरी एकाच कार्यालयाकडं तक्रारीनं बघतात. फरक इतकाच, पण तो मोठा आहे: माझ्या शेजाऱ्याला दर पाच वर्षांनी युरोपियन संसदेसाठी मत देता येतं.

---

भोसरी_बोल्ट

वरची दोन्ही उत्तरं वाचली. मला इतका विश्वास वाटत नाही, का ते सांगतो.

आमचं छोटं युनिट आहे, नट-बोल्ट बनवतो, थोडा माल जर्मनीला जातो. ऑक्टोबर २०२३ पासून युनियनचा सीबॅम लागू झाला. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत वगैरे बाहेरून आणताना ते बनवताना किती कार्बन हवेत गेला त्याचा हिशोब द्यायचा. सुरुवातीला फक्त माहिती, आणि जानेवारी २०२६ पासून त्याचे पैसेही. बोल्टसुद्धा त्यात आहेत. गिऱ्हाईकानं लांबलचक तक्ता पाठवला: भट्टीला किती गॅस, किती वीज, तार कोणत्या मिलची, त्या मिलनं ती कशी बनवली. मी तार डीलरकडून घेतो. मोठी मिल माझ्यासारख्याला तिचा कार्बनचा आकडा का देईल? आकडा नाही दिला तर त्यांनी ठरवून ठेवलेला आकडा धरतात, आणि तो आपल्या बाजूनं नसतो.

मळेवाले म्हणतात नियम सगळ्यांना सारखा आणि छापील आहे. मान्य. पण हजार टनवाल्याला आणि दहा टनवाल्याला सारखाच तक्ता भरायला लावला तर तो सारखा राहतो का? हवा बिघडवण्यात दीडशे वर्षं कोण पुढं होतं? भारत सरकारनंही जागतिक व्यापार संघटनेत या कराला विरोध केला आहे, तो मला योग्य वाटतो. द्राक्षातलं विष खाणाऱ्याच्या पोटात जातं, त्याला हक्क आहे विचारायचा. माझ्या भट्टीचा धूर भोसरीत राहतो.

युनियन मला कसं दिसतं? ज्या सभेत मला बोलावलं नव्हतं तिथं झालेला ठराव माझ्या दारावर चिकटवून जाणारं. मुलांना हेही सांगा बाई. आणि हेही सांगा की त्या तक्त्यामुळे आम्ही पहिल्यांदा भट्टीचा गॅस मोजला आणि तो किती वाया जातो ते कळलं. ते खोटं कशाला बोलू.

---

दिंडोरीचा_मळा

भोसरीवाले दादा, धूर भोसरीत राहतो याच्याशी मी सहमत नाही. गेली काही वर्षं अवकाळीनं आणि गारपिटीनं आमच्या बागांचं जे केलं त्यानंतर मला तसं म्हणता येत नाही. पण लहान युनिटला तो तक्ता झेपत नाही हे शंभर टक्के खरं. आमच्याकडंही दोन एकरवाला एकटा एक्स्पोर्ट करूच शकत नाही. गट केले, शेतकरी कंपन्या केल्या, तेव्हा सॅम्पलचा आणि कागदाचा खर्च वाटून घेता आला. तुमच्याकडं असोसिएशननं मिलकडून एकत्र आकडे मागवले तर बघा.

---

तासगावच्या_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं छापून वर्गात वाचणार आहे, कोणाची हरकत असेल तर सांगा. हेगच्या ताईंचा मताधिकाराचा मुद्दा वाचल्यावर मला एक विचारायचं आहे, आणि मुलंही हेच विचारणार याची मला खात्री आहे. बाहेरच्या माणसाला मत नाही हे कळलं. पण मग तो तक्ता बदलून घ्यायला बाहेरच्याला काहीच वाट नाही का?

---

दिंडोरीचा_मळा

आहे, बाई. अरुंद आहे, पण आहे. दोन वाटा मला माहीत आहेत.

एक, युनियन एखादी मर्यादा बदलणार असेल तर जागतिक व्यापार संघटनेला आधी कळवावं लागतं आणि इतर देशांना म्हणणं मांडायला साधारण ६० दिवस मिळतात. भारताकडून उत्तर जातं. आपण शेतकऱ्यांनी वेळेत अपेडाकडं किंवा मांजरीला कळवलं तर त्यात आपली अडचण पोचू शकते. बासमतीवाल्यांचं उदाहरण बघा. ट्रायसायक्लाझोल या औषधाची मर्यादा २०१८ पासून ०.०१ वर आली, तेव्हा पंजाब-हरियाणात किती धावपळ झाली. अशी नोटीस येते तेव्हा ती गावात कोणी वाचतच नाही, आणि अंमल सुरू झाला की सगळे जागे होतात.

दुसरी वाट म्हणजे इम्पोर्ट टॉलरन्स. आपल्याकडं एखाद्या रोगाला एखादं औषध खरंच लागतं, आणि तिकडं ते औषध वापरात नाही म्हणून मर्यादा ठरवलेली नाही, तर वेगळी मर्यादा मागता येते. त्यासाठी शेतावरच्या चाचण्यांचे आकडे द्यावे लागतात. ते इटलीत पार्मा इथं असलेली त्यांची अन्नसुरक्षा संस्था तपासते आणि मगच निर्णय होतो. खर्चिक काम आहे, बहुधा औषध कंपनीच करते. द्राक्षासाठी आपल्या डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांचं दुखणं घेऊन बागायतदार संघानं हे मागं लागून करून घ्यावं असं मला फार वाटतं, आणि मी बैठकीत दर वेळी बोलतो.

तोवर एक करा. ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास अनेक्श्चर ५ ची नवी यादी आली की तुम्हाला पाठवतो. त्यात प्रत्येक औषधासमोर मर्यादा आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते असतं. ज्या मुलांच्या घरी बाग आहे त्यांना घरची फवारणीची वही आणायला सांगा आणि दोन्ही शेजारी ठेवून तारखा ताडून बघायला लावा. काही जुळलं नाही तर घरी लगेच सांगायला लावा, काढणीला वेळ असेपर्यंत.